पाह्यलं का आयकलं?

आमच्या ले-आउटमध्ये, म्हणजे कॉलनीत, गाड्या कशाही उभ्या असतात. कोणाचं तोंड भिंतीकडे, कोणाचं नालीकडे. झाडेकाकांची स्कूटर मात्र कायम रस्त्याकडे तोंड करून उभी असायची. बाहेरून आले की ते आधी स्कूटर वळवायचे, मग चष्मा पुसायचे आणि मग स्वतःच्याच फाटकाशी मिनिटभर गुपचूप उभे राहायचे. बेल वाजवायची नाही, हाक मारायची नाही, नुसतं ऐकायचं. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, बायको घरात काय बोलते ते चोरून ऐकतात की काय! तसं मी झाडेकाकूंच्या कानावरही घातलं. माझ्या पोटात काही राहत नाही. काकू हसत सुटल्या.

"अवो मॅडम, मले पाहाले आले होते तेव्हाबी आमच्या बाबाच्या दारात असेच उभे होते. बाबा म्हने, पोरगा आत काहून येऊन नाही राहिला?"

दौलतराव झाडे मूळचे खाप्याचे, आणि फौजेतून दफेदार म्हणून निवृत्त झालेले. दफेदार म्हणजे रणगाड्यांच्या रेजिमेंटमधला हवालदार. घोडे गेले, रणगाडे आले, तरी त्या लोकांनी हुद्दे घोडेस्वारांचेच ठेवलेत आणि स्वतःला ते अजूनही ऐटीत रिसाला म्हणवतात. त्यातही झाडेकाका रेकीवाले. रणगाडे निघायच्या आधी एका जीपमध्ये चार माणसांनी कित्येक मैल पुढं जायचं. शत्रू कुठं आहे, वाळू कुठं धसते, पाणी कुठं मिळतं ते पाहायचं. लढायचं नाही, दिसायचं नाही, परत येऊन सांगायचं. मी धरमपेठेतल्या शाळेत इतिहास शिकवते. लढायांची कारणं आणि परिणाम मी इतकी वर्षं मुलांकडून घोकून घेतले, पण लढाईच्या आधी कोणीतरी पुढं जाऊन पाहून येतं, हे आमच्या एकाही धड्यात नव्हतं. ते मला या माणसाकडून कळलं. गेल्या वर्षी दिवाळीनंतर काका गेले. तेव्हापासून त्यांच्यावर लिहीन लिहीन म्हणते आहे.

लहानखुरे, काटक, मान सतत थोडी पुढं काढलेली. दूध आणायला एका गल्लीने जातील आणि दुसऱ्या गल्लीने येतील. ज्या वाटेने गेलो त्या वाटेने परतायचं नाही, ही फौजेतली सवय. लग्नाच्या पंगतीत दाराजवळची जागा धरतील. आणि कोणी काहीही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न यायचा.

"पाह्यलं का आयकलं?"

या प्रश्नाने आमच्या ले-आउटमधल्या निम्म्या गप्पा मारून टाकल्या. अमक्याच्या सुनेचं पटत नाही म्हणे. पाह्यलं का आयकलं? समोरचा विषय बदलायचा. काकांच्या रिपोर्टात तीन रकाने असायचे: पाह्यलं, आयकलं आणि अंदाज. एका रकान्यातलं दुसऱ्या रकान्यात गेलेलं त्यांना खपत नसे. एकदा नाल्याच्या बाजूला बिबट्या आल्याची आवई उठली. मोबाइलवर फोटो फिरू लागले, बायकांनी अंगणातले कपडे काढले, माझ्या शाळेने तर सुट्टीचा विचार चालवला. काका सकाळी काठी घेऊन एकटेच नाल्यात उतरले. तासाभराने दुसऱ्याच बाजूने वर आले आणि जमलेल्या घोळक्यासमोर खिशातला कागद काढून वाचू लागले.

"पाह्यलं: पावलाचे ठसे, चौदा. समद्या ठशाले नखं उमटले. बिबट्या नखं आत घेऊन चालते. आयकलं: ले-आउटमधल्या समद्यायनं बिबट्या पाह्यला. अंदाज: देशमुखाचा काळा कुत्रा रात्री सुटून राहिला."

देशमुख तिथंच उभे होते. त्यांनी कुत्र्याची साखळी त्याच दिवशी बदलली.

माझ्या लेकीचं परीक्षेचं सेंटर खापरखेड्याकडे आलं, तेव्हाही काका मला न विचारता आदल्या दिवशी जाऊन आले. संध्याकाळी हातात नकाशा दिला. कोळशाचे ट्रक कुठं लायनीत उभे राहतात, रेल्वेचं फाटक कधी बंद होतं, वीजघराच्या राखेने रस्ता कुठं घसरतो, सावलीतलं झाड कोणतं, सगळं त्यात होतं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "समोसा बरा. चटनी शिळी." मी म्हटलं, काका, एवढं कशाला? तर म्हणाले, "मॅडम, पोरीनं पेपराची चिंता करावी. रस्त्याची चिंता करनारा दुसरा पाह्यजे." दुसऱ्या दिवशी निम्मी मुलं घामाघूम होऊन पोचली. आमची लेक झाडाखाली बसून उजळणी करत होती.

अशा माणसाच्या नेमकं समोरच्या घरात सुभेदार श्रीराम भोयर राहायला होते. भोयरकाका पलटनचे, म्हणजे पायदळाचे. उंच, रुंद, आवाज खणखणीत. हुद्द्याने वरचे, म्हणून झाडेकाका त्यांना 'साब' म्हणत आणि ते झाडेकाकांना 'अबे झाडे'. रोज सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर दोघांची जुंपायची. मी शाळेत जाताना मुद्दाम पाच मिनिटं आधी निघायचे, ते ऐकायला.

"तुमचं काय बे झाडे," भोयरकाका सुरू करायचे, "गाडीत बसून गेले, गाडीत बसून आले. पलटनवाल्याच्या पायाले इचार. पाठीवर पिट्ठू अन् रातभर चाल. जुराब काढली का चामडं संगं निघे."

"हौ साब. पन तुमच्या डाव्या हाताले मानूस, उजव्या हाताले मानूस. गोली लागली तर उचलाले चार जन. आमच्या मांगं काय? धूळ."

"खंदक खोदला का कधी? टनक जमिनीत, थंडीच्या दिवसात?"

"काहून खोदू? ज्याले एका जागी बसाचं हाये त्यानं खोदावं. आमी बसलो का मेलो."

"अबे, बसाले छाती लागते! समोरून तोफा येऊन राहिल्या अन् हुकूम काय, तर मोर्चा सोडाचा नाही, जागेवरून हालाचं नाही. आमी जागा धरली. तुमी पाहून पळून आले."

इथपर्यंत दोघेही मजेत असायचे. या शेवटच्या वाक्याला मात्र झाडेकाका पोह्यांची प्लेट खाली ठेवायचे आणि स्कूटर काढून निघून जायचे. भोयरकाकांना ते कधी उमगलं नाही. त्यांना वाटे, आपण जिंकलो. मला उमगलं, कारण मी बाजूला उभी राहून चेहरे पाहत होते, तर्री नव्हे.

एकदा मी काकांना सरळ विचारलं. त्यांनी स्कूटरचा आरसा पुसायला घेतला. पुसता पुसता बोलले.

"लढाईचे दिवस होते. वाळूच्या टेकाडावरून पाह्यलं, खाली आपल्या पलटनची चौकी. तीसेक जन असन. अन् त्याइच्या मांगून दुश्मनाच्या गाड्या येऊन राहिल्या. त्याइले मालूम नाही. आमाले हुकूम, फायर कराचा नाही, खबर आनाची. वायरलेस लागून नाही राहिला. जीप वळवली. तेवढ्यात खंदकातला एक पोरगा उभा झाला. आमाले पाहून त्यानं हात हालवला. त्याले वाटलं, आमी मदतीले आलो."

"मग?"

"मंग काय. दोन मैल मांगं आल्यावर वायरलेस लागला. जागा सांगतली. आपल्या तोफा सुरू झाल्या, गाड्या वापस गेल्या. चौकी वाचली. समदे जगले. पन मॅडम, त्या पोराले काय मालूम? त्यानं तं जीपची पाठच पाह्यली."

मी म्हटलं, हे तुम्ही भोयरकाकांना का सांगत नाही? तर म्हणाले, "साबले वाटन, सफाई देऊन राहिला." आणि निघून गेले. खरं सांगते, त्या दिवशी वर्गात मला कारणं आणि परिणाम शिकवता आले नाहीत. मुलांना वाचन दिलं आणि खिडकीत उभी राहिले.

मग एका ऑगस्टच्या शेवटी भोयरकाकांना लकवा मारला. डावा हात, डावा पाय गेला. जीव वाचला, पण माणूस पलंगावर पडला तो पडलाच. व्यायाम करून घ्यायला माणूस यायचा, त्याला शिव्या घालून हाकलायचे. ले-आउटच्या मैदानात सव्वीस जानेवारीचा आणि पंधरा ऑगस्टचा झेंडा कायम त्यांच्याच हातून व्हायचा. कमिटीची माणसं भेटायला आली. म्हणाली, सुभेदारसाहेब, येत्या सव्वीस जानेवारीला तुम्हाला व्हीलचेअरवर नेऊ. अडखळत्या जिभेने भोयरकाकांनी उत्तर दिलं:

"पलटनचा मानूस झेंड्याजवळ चाकावर नाही जात. चाकं झाड्याले लखलाभ. मी पायी येईन, नाहीतर दुसऱ्याले सांगा."

कमिटीने दुसरा माणूस शोधायला सुरुवात केली. भोयरकाकूंनी माझ्यापाशी येऊन पदराने डोळे पुसले. "झेंडा गेला तं हे राहत नाही वं बाई," म्हणाल्या. मला ते पटलं. झाडेकाकांनाही पटलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक विलक्षण दृश्य पाहिलं. झाडेकाका हातात काठी घेऊन, डावा पाय फरफटत, वीतवीत पावलं टाकत भोयरांच्या दारातून मैदानाकडे निघाले होते. ओठ पुटपुटत होते. अख्ख्या ले-आउटमध्ये बातमी गेली, झाडेकाकांनाही लकवा! मी धावत गेले. ते थांबलेसुद्धा नाहीत. हाताने गप्प राहण्याची खूण केली, झेंड्याच्या खांबापर्यंत गेले आणि मग ताठ उभे राहून म्हणाले, "सहाशे दहा. माझ्या पावलानं तीनशे होते, पन चालनारा मी नाही."

ते भोयरकाकांच्या पावलाने रस्ता मोजत होते.

त्या दिवसापासून रोज सकाळी सात वाजता काका त्यांच्या पलंगाशी ताठ उभे राहून रिपोर्ट वाचू लागले. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहिलेला.

"पाह्यलं: पलंग ते दरवाजा, अकरा पावलं. पायपुसनं सरकते, काढून टाकाचं. ओसरीच्या पायऱ्या तीन, कठडा उजव्या हाताले. फाटक ते लायटीचा खंबा, अडतीस पावलं. कुत्रं एक, स्वभाव चांगला. खंब्यापाशी खुर्ची ठेवता येते. सव्वीस जानेवारीले झेंडा वरच बांधून राहते, दोरी एका हातानं ओढता येते. आयकलं: डॉक्टर म्हनते जमू शकते. अंदाज: देत नाही."

झेंड्याचं वाक्य ऐकून मी चाट पडले. पंधरा ऑगस्टला झेंडा खालून वर चढवायचा असतो, त्याला दोन हात लागतात. सव्वीस जानेवारीला तो वर बांधलेलाच असतो, नुसता उलगडायचा. आयुष्यभर झेंड्याखाली उभी राहिले, पण एक हात असलेल्या माणसाच्या बाजूने मी तिकडे कधी पाहिलं नव्हतं.

भोयरकाका भिंतीकडे तोंड करून पडलेले. एक दिवस, चार दिवस, नऊ दिवस. झाडेकाका पाठीला रिपोर्ट वाचून जायचे. दहाव्या दिवशी त्यांनी वाचलं, "ओसरीच्या पायऱ्या चार..."

भिंतीकडून आवाज आला, "तीन."

"चार, साब."

"अबे तीन हायेत! माझं घर हाये ते! चार काहून लिहिल्या?"

"साब, माफ करा," झाडेकाका कागदावरून नजर न हलवता म्हणाले, "पन तुमी तं दीड महिन्यात पायरी पाह्यली नाही. हे पाह्यलं का आयकलं?"

भोयरकाका संतापाने लालबुंद झाले. भोयरकाकू आणि मी दोन्ही बाजूंनी धरेपर्यंत ते पलंगाच्या काठावर बसलेसुद्धा होते. दरवाज्यापर्यंतची अकरा पावलं त्यांनी झाडेकाकांना शिव्या देत पार केली. चौकटीला टेकून, धापा टाकत, काठीने पायऱ्या मोजल्या. एक. दोन. तीन.

"पाह्यल्या, झाडे. तीन."

"हौ साब. रिपोर्ट दुरुस्त करतो."

बाहेर आल्यावर काकांनी कागदावरचा चार खोडून तीन केला. "मॅडम, अख्ख्या नोकरीत पयल्यांदा खोटा रिपोर्ट देला," ते म्हणाले. आणि मग मिशीत असे हसले की मला रस्त्यातच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

पुढचे महिने आम्ही सगळ्यांनी पाहिले. ऑक्टोबरात फाटक. नोव्हेंबरात लायटीचा खंबा. डिसेंबरच्या गारठ्यात मैदानाअलीकडच्या कडुलिंबापर्यंत. झाडेकाका कायम दहा पावलं पुढं, मागे न पाहता, हात वर करून 'थांबा', हात पुढं करून 'या' अशा खुणा करत. भोयरकाकांना हात द्यायला ते कधी मागे आले नाहीत. मला एकदा राग आला, तर भोयरकाकाच म्हणाले, "राहू द्या मॅडम. तो समोर दिसून राहिला म्हनून मी चालून राहिलो."

आणि तेव्हा, कडुलिंबाखालच्या खुर्चीत ते बसलेले असताना, मी त्यांना ती वाळूतल्या चौकीची गोष्ट सांगून टाकली. सांगितलंच ना, माझ्या पोटात काही राहत नाही. भोयरकाका पुढं दूर उभ्या असलेल्या झाडेकाकांच्या पाठीकडे बराच वेळ पाहत राहिले. 'पाहून पळून आले' हे वाक्य त्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

सव्वीस जानेवारीची सकाळ. झाडेकाकांनी आदल्या संध्याकाळी रस्ता शेवटचा पाहून घेतला होता. पहाटे पुन्हा पाहायचा होता, कारण रात्रीतून रस्ता बदलतो असं तेच सांगायचे. पण भोयरकाकांचा कोट, त्यावरची पदकं, एका हाताने न बसणारी टोपी, यातच त्यांची पहाट गेली. आयुष्यात एकदा त्यांनी पाहणं चुकवलं आणि नेमका त्याच पहाटे मैदानाच्या तोंडाशी पाण्याचा पाइप फुटला. आम्ही कडुलिंब ओलांडून पुढं गेलो तर दुरुस्तीवाल्यांनी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चर खोदलेला. पुरुषाच्या छातीइतका खोल, आत चिखल. पलीकडे चाळीस पावलांवर झेंडा, मांडव, खुर्च्या आणि आमच्याकडे वळलेले सगळे चेहरे.

झाडेकाकांचा चेहरा पांढराफटक पडला. पहिल्यांदाच ते मागे वळून भोयरकाकांजवळ आले. "साब, माही गलती. सकाळी पाह्यलं नाही."

पलीकडून चार-पाच जण धावत आले. "साहेब, उचलून नेतो! दोन मिनिटाचं काम!"

"उचलून नाही," भोयरकाका म्हणाले. त्यांचा चांगला पाय लटपटत होता. वळसा घालून जायचं तर आणखी तीनशे पावलं, आणि तेवढा दम त्यांच्यात नव्हता, हे सगळ्यांना दिसत होतं. "झाडे, वापस चल. झालं इतकं पुरे झालं."

ते वळू लागले. पाच महिने, सहाशे दहातली साडेपाचशे पावलं झालेली, आणि आता वापस?

झाडेकाकांनी टोपी नीट केली, बूट न काढता चराच्या काठावर बसले आणि आत उतरले. इस्त्रीची पँट मांडीपर्यंत चिखलात गेली. "ते मांडवाची फळी आना बे!" ते आतून ओरडले. पोरांनी फळी आणून चरावर आडवी टाकली. लांबीला पुरली, पण मधे लवत होती. काका तिच्याखाली गेले, वाकले, आणि खांदा लावून उभे राहिले. फळी सरळ झाली.

"या साब. आधी काठी, मंग डावा पाय."

भोयरकाकांनी फळीकडे पाहिलं. खाली पाहिलं. त्यांच्या वाकड्या झालेल्या ओठांत मला हसू दिसलं.

"फळी मजबूत हाये का बे? पाह्यलं का आयकलं?"

"खांद्यावर हाये, साब."

पाच पावलं. प्रत्येक पावलाला झाडेकाकांच्या मानेच्या शिरा फुगत होत्या. काठी पलीकडच्या मातीत टेकली, मग उजवा पाय, मग फरफटत डावा. आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की कडुलिंबावरचे पोपट उडून गेले. मी तर ओरडलेच. इतिहासाच्या बाईंना असं ओरडताना कोणी पाहिलं नव्हतं.

भोयरकाका थांबले. पुढचा रस्ता मोकळा होता, पण पुढं कोणी नव्हतं. "झाडे, चल नं. समोर हो."

"आज तुमी समोर, साब," चरातून आवाज आला. "तुमाले इथूनच वापस याचं हाये. तुमी येतवर मी इथून हालत नाही."

भोयरकाका एकटे निघाले. काठी, उजवा, डावा. काठी, उजवा, डावा. खांबाशी पोचले, काठी काखेत धरली आणि चांगल्या हाताने दोरी ओढली. झेंडा उलगडला, फुलं पडली. राष्ट्रगीत सुरू झालं. त्यांचा उजवा हात कपाळाशी गेला.

राष्ट्रगीत संपल्यावर मी मागे पाहिलं. चराच्या काठावर फक्त चिखलाचे शिंतोडे उडालेली टोपी, त्याखालचा चष्मा आणि कपाळाला लावलेला हात दिसत होता. फळी अजून खांद्यावर होती. झाडेकाकांची आठवण काढली की मला स्कूटर नाही दिसत, तेच दिसतं.

भोयरकाकांनी झेंड्याचा सॅल्यूट उतरवला. काठीवर भार टाकत हळूहळू पूर्ण मागे वळले. सुभेदाराने दफेदाराला आधी सॅल्यूट करायचा नसतो, एवढं मलाही ठाऊक आहे. त्यांनी चराकडे तोंड करून पुन्हा हात कपाळाला नेला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असे म्हणाले,

"मोर्चा सोडू नको झाडे. येऊन राहिलो मी."